बोरीच्या जाळीतलं फडकं

भिमाबाईंनी ते फडकं उचललं ते कुणाचं काही लाटायचं म्हणून नव्हे. शिनोलीच्या वरच्या माळावर दोन ओघळी एकत्र येतात, तिथल्या बोरीच्या जाळीला ते टांगलेलं होतं. अर्धं नारिंगी, अर्धं पांढरं, तीन बाजूंनी शिवलेलं, आकाशकंदिलासारखं. खाली सुतळीला हिरवं स्केचपेन लोंबत होतं. एका मेंढीनं सुतळी चघळायला घेतली, तेव्हा भिमाबाईंनी तिला काठीनं हुसकलं, फडकं सोडवलं, पेन आत गुंडाळून घडी घातली आणि कनवटीला खोचली.

रानात सापडलेली वस्तू तिथंच टाकून पुढं जायचं नाही, ही त्यांच्या माहेरच्या मेंढपाळांची रीत. वस्तू आपल्यापाशी जपायची. धनी तिच्या शोधात आल्या वाटेनंच माघारी येतो, म्हणून त्या दिवशी मेंढरंही तिथंच आसपास चारायची. आजवर त्यांनी एका बाईचं खुरपं, एका तान्ह्याचा चांदीचा वाळा आणि एका पोस्टमनचा चष्मा अशा वस्तू धन्याच्या हातात दिल्या होत्या. त्या फडक्याचाही कुणी धनी येईल, म्हणून त्या जाळीपासून हाकेच्या अंतरावर बसून राहिल्या.

धनी आली. पण तिनं काही विचारलंच नाही.

ती धनी म्हणजे निर्मलाची मुलगी वृषाली, नववीतली. आणि त्या फडक्यावरून पुढं निर्मलाच्या घरात जे घडलं ते सांगायचं, तर आधी हा खेळ घरात कसा शिरला ते सांगायला हवं.

निर्मला भूगोल घेऊन बी.ए. झालेली. लग्न होऊन शिनोलीला आली ती दहा एकर शेती असलेल्या घरात. नवरा सोपान चाकणच्या कंपनीत पाळ्या करायचा. आठवड्यातले पाच दिवस घरात सासूबाई साळुबाई, निर्मला आणि वृषाली. मूल एकच, आणि तेही लग्नानंतर सात वर्षांनी झालेलं. त्यामुळं निर्मलाचा जीव सदा टांगणीला. वृषाली विहिरीकडं गेली तरी ही दारात. त्यात त्या दोन-तीन वर्षांत तालुक्यात बिबट्यानं धुमाकूळ घातलेला. उसाच्या कडेनं बायका एकट्या जात नव्हत्या, दिवस कलायच्या आत पोरं घरात घेतली जात होती. अशा दिवसांत, दोन हजार तीन सालच्या दिवाळीनंतर, शाळेतले सावळेराम सर घरी आले. काखेत नकाशाची गुंडाळी.

"ताई, ओरिएंटिअरिंग म्हणतात ह्याला. मी पुण्याला शिबिरात शिकून आलोय," सर म्हणाले. "नुसतं पळायचं नाही. हातात नकाशा, गळ्यात होकायंत्र. रानात आम्ही आठ-दहा फडकी टांगतो. ती क्रमानं शोधायची, तिथल्या पेनानं कार्डावर खूण करायची आणि लवकरात लवकर परत यायचं. वाट कुणाला विचारायची नाही."

"रानात? एकटीनं?"

"एकटीनंच. त्यातच तर खेळ आहे."

साळुबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, पोरी हरवायचा खेळ म्हना की. आन घावल्या तर बक्षीस देता व्हय?"

सर हसले, पण हटले नाहीत. शाळेच्या मैदानात त्यांनी पोरांना आधी खेळवून बघितलं होतं. वर्गाचा नकाशा काढून बाकांखाली खडू लपवले, मग मैदानाचा नकाशा काढून झाडांमागं. पळण्यात वृषाली कधी पहिल्या पाचांत नसायची. पण इथं दांडगी पोरं भलत्याच झाडाखाली उकरत असताना ही शांतपणे चालत जाऊन खडू काढायची. "तिला कागद आणि जमीन एकत्र दिसतात," सर म्हणाले. "हे शिकवून येत नाही, ताई."

वृषाली खांबाला टेकून उभी होती. आईकडं बघत नव्हती. आपलं ऐकलं जाणार नाही हे ज्याला आधीच ठाऊक असतं, तो असाच दुसरीकडं बघतो. निर्मलाला ते बघवलं नाही. तिनं हो म्हटलं, पण अट घातली. चार वाजता घरात. एकदा, एकदाच जरी उशीर झाला, तरी खेळ त्या दिवशी बंद.

दोन महिने अट पाळली गेली. मग संक्रांत झाल्यावरच्या शनिवारी सरांनी पहिल्यांदा शाळेबाहेर, वरच्या माळावर आठ फडकी टांगली. सकाळची शाळा सुटल्यावर पोरं सोडली. अडीचपर्यंत सगळी परत आली. कुणी सहा खुणा करून, कुणी पाच. चौथं फडकं कुणालाच सापडलं नव्हतं. ते सोडून सगळी पुढं गेली होती.

वृषाली आली नव्हती.

चार वाजले. साडेचार वाजले. निर्मला चुलीवर दूध तसंच ठेवून शाळेत गेली. मैदानात सर नकाशा घेऊन उभे होते, चेहरा पांढरा. दोन शिक्षक आधीच माळावर गेलेले. निर्मला सरळ वाटेला लागली. सर मागून जवळजवळ पळत होते. चढावर तिच्या चपलेचा अंगठा तुटला, तिनं चपला तिथंच सोडल्या. तिच्या डोळ्यांपुढं काय काय आलं, ते तिनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या वळणावर मेंढरांचा आवाज आला. पन्नासेक मेंढरं उतरत होती. मागं खांद्यावर घोंगडी टाकलेली एक बाई, आणि तिच्या शेजारी, एक कोकरू काखेत धरून, वृषाली.

निर्मलानं तिला धरलं, हलवलं, मग जवळ घेतलं. आणि मग जे साठलं होतं ते सगळं बाहेर पडलं. "झालं! आजपासून बंद! सर, तुमचा नकाशा तुमच्यापाशी. माझी पोर मला परत मिळाली, बास."

"आई, मी हरवले नव्हते," वृषाली म्हणाली. "मी चौथ्या खुणेवरच होते. फडकंच नव्हतं तिथं."

"मग पुढं जायचंस! बाकीची गेलीच ना?"

"मला वाटलं माझंच चुकलं. तिसऱ्या खुणेपर्यंत माघारी गेले, परत मोजत आले. चार वेळा. चारही वेळा तिथंच आले."

"चार वेळा चुकलीस म्हणजे."

तेव्हा ती मेंढरांमागची बाई पुढं आली. "वैनी, रागावू नगा. त्ये फडकं ह्ये हाय का?" कनवटीची घडी सोडून तिनं पुढं धरली.

सर फडक्याकडं बघत राहिले.

"मी बिरदेवची मंडळी, भिमाबाई," ती म्हणाली. "जाळीला अडाकलं व्हतं. म्हनलं कुनाचं तरी ऱ्हायलं. धनी येईल तर देऊ. तर ही पोर आली. आली ती नीट जाळीपाशी, जिथनं मी त्ये सोडवलं तिथंच, एक पाऊल हिकडं न्हाई का तिकडं न्हाई. उभी ऱ्हायली. ग्येली. परत आली. मी इचारलं, कुनाची गं तू? नाव सांगितलं. पानी पाजलं. पर काय हुडाकतीस, त्ये काय बोलंना."

"विचारायचं नसतं," वृषाली रडवेली होऊन म्हणाली. "नियम आहे."

"म्हंजी फडकं माज्या कमरंला आन पोरगी माज्या म्होरं, दोगी दोन घंटं तशाच! मला वाटलं, आईसंगं भांडून आलिया, राग निवला की जाईल. दिस कलाया लागला, मंग म्हनलं, चल गं बाई, मी तुला घरी सोडते. पोर एकली ठिऊन मेंढरं कशी हलवू?"

सरांच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यांनी ते लगेच गिळलं. निर्मला हसली नाही. पण घरी येताना ती अनवाणी चालत होती, एक हात वृषालीच्या खांद्यावर, आणि तिच्या मनात एकच वाक्य फिरत होतं. एक पाऊल हिकडं न्हाई का तिकडं न्हाई.

खेळ मात्र बंदच राहिला. अट ती अट. वृषालीनं होकायंत्र सरांना परत केलं. हट्ट केला नाही, रडली नाही. गुमान शाळेत जायची, गुमान यायची. ते निर्मलाला रडण्यापेक्षा जड गेलं.

चार दिवसांनी ती तिळाचे लाडू घेऊन भिमाबाईंच्या वस्तीवर गेली. पोर सांभाळून आणली, त्याचे आभार मानायला एवढं तरी करायला हवं होतं. वृषालीही आली. पत्र्याचं दोन खणांचं घर, पुढं मेंढरांचा कोंडवाडा. भिमाबाई वाघूर विणत बसल्या होत्या. मेंढरांभोवती उभी करायची ती सुतळीची जाळी. वय पंचेचाळीसच्या आसपास. चेहरा उन्हानं रापलेला, पण डोळे पोरीचे.

"तुम्ही एवढं नेमकं कसं सांगितलंत," निर्मलानं विचारलं, "की जागा तीच म्हणून? अख्ख्या माळावर बोरीच्याच जाळ्या आहेत."

"जागा वळखायचीच नोकरी व्हती की माजी," भिमाबाई म्हणाल्या. "आकरा वर्साची असल्यापसनं."

मग त्यांनी सांगितलं. माहेरचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरणारी पाच-सहा बिऱ्हाडं, दिवाळीनंतर माळशेज उतरून कोकणात जायचा. पहाटे बापे मेंढरं घेऊन चरत चरत निघायचे. बायकांनी बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि थेट पुढच्या मुक्कामाला जाऊन चूल पेटवायची. मुक्काम कुठं, ते बाप सकाळी तोंडानं सांगायचा. वढा ओलांडला की डाव्या अंगाला तीन आंब्याची झाडं, तिथनं हाकेवर पडकी विहीर, विहिरीच्या वरल्या अंगाला सपाटी. बास. आई आजारी पडली त्या वर्षी अकरा वर्षांची भिमा घोडं आणि दोन धाकटी भावंडं घेऊन एकटीच पुढं गेली.

"आणि चुकलात तर?" निर्मलानं विचारलं. हा प्रश्न ती चार दिवस मनात घोळवत होती.

"चुकले की. एकदा भलत्याच वढ्याला लागले. आंबं दिसंनात. लई रडू आलं. पर बापानं सांगितलं व्हतं, खून घावली न्हाई तर म्होरं पळायचं न्हाई. शेवटली वळखीची खून हाय तितवर माघारी यायचं आन तिथनं परत बघायचं." त्यांनी वृषालीकडं मान वळवली. "हिनं त्येच केलं त्या दिशी. हिला कुनी शिकवलं?"

वृषालीनं मान हलवली. कुणी नाही.

तिच्या दप्तरात तो नकाशा अजून होता. होकायंत्र परत केलं, पण नकाशा द्यायचा राहिला होता, किंवा राहू दिला होता. भिमाबाईंनी तो मागून घेतला. अक्षर वाचता येत नव्हतं. पण डोंगरावरच्या त्या तपकिरी रेघांवर, एकात एक वळसे घेत गेलेल्या, त्यांनी बोट ठेवलं आणि हसल्या.

"ह्या तर मेंढरांच्या वाटा."

"नाही मावशी, त्या समोच्च रेषा," वृषाली म्हणाली. "एका उंचीच्या जागा जोडल्या की—"

"त्येच म्हनते मी. मेंढरू डोंगराला सरळ चढत न्हाई. आडवं जातं, एका उंचीनं. त्यांच्या पायानं डोंगराला अशाच रेघा पडत्यात. हितं रेघा दाटल्यात म्हंजी उभा चढ. हितं फाकल्यात, म्हंजी हितं बसाया सपाटी. अन् ह्या हितं आत वळल्या, ह्यो वगळ, पान्याची वाट."

निर्मला समोरच्या डोंगराकडं बघत राहिली. उतरत्या उन्हात उतारावर खरोखरच आडव्या, बारीक रेघा दिसत होत्या. कॉलेजात तिनं या रेषांच्या वह्याच्या वह्या भरल्या होत्या, तपकिरी शाईनं, टोकदार टाकानं. वीस वर्षं ती याच डोंगराखाली राहत होती, आणि कागदावरची रेघ डोंगरावर असते हे तिला आज एका निरक्षर बाईनं दाखवलं. तिला लाज वाटली. मग लाजेपेक्षा मोठं असं काहीतरी वाटलं, त्याला ती पुढं कृतज्ञता म्हणायला लागली.

"भिमाबाई," ती म्हणाली, "वृषाली रानात जाईल तेव्हा तुम्ही तिच्या आसपास असाल का?"

वृषालीनं एकदम वर बघितलं.

"मी असतेच की रानात," भिमाबाई म्हणाल्या. "आनखी कुटं जाऊ?"

तर असा भिमाबाईंचा खेळ सुरू झाला. आधी नुसत्या सोबतीला. मेंढरं नवरा बिरदेव बघायचे आणि दर शनिवारी भिमाबाई पोरांबरोबर माळावर. मग सर म्हणाले, नुसत्या बसता कशाला, घ्या एक कार्ड. नऊवारीचा काचा मारून, दुकानातून आणलेल्या नव्या बुटांत पाय कोंबून भिमाबाई निघाल्या. बूट दुसऱ्या खुणेपाशी काढून हातात घेतले. पोरं नकाशा पाटीसारखा सरळ धरायची. भिमाबाई तो सुपासारखा फिरवायच्या, समोरचा डोंगर कागदावरही समोर येईपर्यंत. पोरं आधी हसली. महिन्याभरात सगळीच नकाशा फिरवायला लागली.

गावात बोलणी झालीच. "काय भिमाबाय, कागूद घिऊन मेंढरं हुडाकता व्हय?" पाणवठ्यावर एकीनं टोमणा मारला.

"मेंढरं घावत्यात गं," भिमाबाई म्हणाल्या, "मानसंच हरवत्यात."

पुढच्या वर्षी डिसेंबरात जिल्ह्याची निवड मढजवळच्या डोंगरात होती. पहिल्या चार मुली राज्याच्या स्पर्धेला जाणार. पस्तीस वर्षांवरच्या बायकांचाही एक गट होता, त्यात नावं तीनच. सरांनी चौथं नाव भिमाबाईंचं घातलं. निर्मला डबे घेऊन जीपमधून सोबत गेली. निघताना ती भिमाबाईंना म्हणाली, "फडकं दिसलं की तिथंच ठेवायचं बरं का."

"आता वळखते मी त्याला, वैनी. आता न्हाई हात लावत."

वृषाली दहा वाजता सुटली. पहिल्या मुली पन्नास मिनिटांत आल्या. निर्मला जीपच्या सावलीत बसून होती. तास झाला. ती उठली, आणि परत बसली. शेवटली ओळखीची खूण, ती मनाशी म्हणत होती. चुकली असेल तर तिथपर्यंत माघारी आली असेल. पळत सुटली नसेल. हे म्हणताना तिला जाणवलं, की ती देवाचं नाव घेत नव्हती, पोरीवर विश्वास ठेवत होती. एक तास सात मिनिटांनी खिंडीतून लाल टीशर्ट उतरताना दिसला. वृषाली चौथी आली. दहाच्या दहा खुणा कार्डावर.

"सातवीला चुकले होते," ती धापा टाकत म्हणाली. "सहावीवर परत गेले."

निर्मलानं तिला पाणी दिलं. मग पदरानं तिचा घाम पुसत राहिली.

भिमाबाई मात्र येईनात. त्यांच्या गटातल्या तिघी केव्हाच आल्या. दीड वाजता त्या आल्या, सावकाश, पदरात कसलं तरी गाठोडं. कार्डावर सगळ्या खुणा बरोबर. पंच म्हणाले, "आजी, वेळ संपून गेली. कुठं होता?"

"च्यासाठी थांबले."

"चहा? स्पर्धेत?"

"मंग काय करू? पाचव्या फडक्याच्या वर गेणभाऊचं वावर. माज्या बापानं दर साली तितं मेंढरं बसवली, खतासाठी. म्हातारा बांधावर व्हता. वळखलंन मला. तू घोड्याम्होरची भिमा न्हवं? म्हनला. तीस वर्सांनी! आता त्येचा च्या न पिता कशी पळू? न्हाईतर देव कोपतील." गाठोडं सोडलं तर आत शेरभर वरई. "ही दिली. न्हाई म्हनता येत न्हाई."

सर कपाळाला हात लावून हसत होते. वाट विचारायची नाही हा नियम भिमाबाईंनी पाळला होता. चहा नाकारायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

राज्याची स्पर्धा साताऱ्याकडं होती, तीन दिवसांची. शाळेनं संमतीचा कागद दिला. निर्मलानं तो भिमाबाईंपुढं धरला. "सोबत बाईमाणूस चालेल असं लिहिलंय. तुम्ही जाल ना?"

भिमाबाईंनी मान हलवली. "मेंढ्या व्यायला आल्यात, वैनी. आन माजं काम झालं. ती चुकती कशी आन चुकल्यावर काय करती, ह्ये तुमी बघितलंय. आजून काय बघायचंय?"

निर्मलानं वृषालीच्या डोळ्यांत बघितलं. या वेळी पोर दुसरीकडं बघत नव्हती. निर्मलानं कागद भिंतीला टेकवून सही केली.

वृषाली एस.टी.नं गेली त्या दिवशी घर खायला उठलं. साळुबाई म्हणाल्या, "दारात किती उबी ऱ्हाशील? काय तरी कर." निर्मलानं पुरणपोळ्या केल्या, डबा भरला आणि भिमाबाईंच्या वस्तीवर गेली. घरात बिरदेव एकटेच. भिमाबाई मेंढरं घेऊन लांबच्या माळावर.

"कुठं नेमकं?" तिनं विचारलं.

"वढा ओलांडा," बिरदेव म्हणाले. "डाव्या अंगाला जळकं पळसाचं झाड. तिथनं हाकेवर पांढरा दगूड. दगडाच्या खालल्या अंगाला."

तिनं घरून नकाशा आणला होता. ओढ्यापाशी तो उघडला, समोरचा डोंगर समोर येईपर्यंत फिरवला आणि चालू लागली. पळस सापडला. दगड सापडेना. उगाच पुढं गेली, मग थांबली, पळसापर्यंत माघारी आली आणि तिथून परत बघितलं. दगड उजवीकडं होता, गवतात निम्मा बुडालेला. त्याच्या खालच्या अंगाला मेंढरं चरत होती.

"आगं बया, वैनी!" भिमाबाई उठून उभ्या राहिल्या. "एकल्या आलाव? वाट कशी घावली?"

"एकदा चुकले," निर्मला म्हणाली आणि गवतात बसून तिनं डबा उघडला.